गरोदर मातेचे आरोग्य हा संघटनेचाच प्रश्न

(बेंगळुरू येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर महागाई भत्ता आहे, पेन्शन आहे, रिक्त जागा आहेत. त्यांच्या शेजारी 'गरोदरपणातील जंतुसंसर्ग' हा विषय पाहून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा बायकांचा विषय आहे, त्यासाठी एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवा, असे एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला सांगितलेही. डॉक्टरीणबाईंना आपण अवश्य बोलवू. परंतु आज संघटनेनेच बोलले पाहिजे, असे आमचे मत आहे. ज्या कारणांमुळे हे संसर्ग होतात त्यांपैकी निम्मी कारणे औषधाच्या बाटलीत नाहीत. ती ड्यूटीच्या तक्त्यात आहेत, क्वार्टरच्या गटारात आहेत आणि नवरेमंडळींच्या वागण्यात आहेत. आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिक होऊन रेल्वेत चिकटलेली आणि उभा जन्म रुळांच्या आसपास काढलेली माणसे आहोत. जे डॉक्टरांकडून ऐकले, वाचले आणि सेक्शनवर पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

रोग आणि रेल्वे यांचे नाते या शहराला नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली तो हुबळीकडच्या रेल्वेमार्गाने बेंगळुरात शिरला. हजारो माणसे गेली. त्या साथीने या शहराला सार्वजनिक आरोग्याचा धडा दिला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वस्त्या वाढल्या त्या त्यानंतर. पुढे १९३५ साली स्त्रिया आणि मुलांसाठी वाणीविलास रुग्णालय उभे राहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले तिथे जन्मली असतील. सांगायचे एवढेच, की रोग सरकारी कागदाने थांबत नाही. पाणी, जागा, स्वच्छता आणि वेळेवर उपचार यांची व्यवस्था झाली की तो थांबतो, आणि ही व्यवस्था मागितल्याशिवाय मिळत नाही.

हात धुण्याची गोष्ट

आपल्या आज्या-पणज्या 'बाळंतरोग' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारत. बाळंत झालेली बाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापाने फणफणायची आणि आठवड्यात जायची. लोक म्हणत, बाहेरचे झाले, नजर लागली. खरे कारण युरोपात १८४७ साली एका डॉक्टराने शोधले. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर व विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात मरणाचे प्रमाण कितीतरी जास्त. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने ताडले, की विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीला तपासायला येतात. त्याने सर्वांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. शेकडा दहाच्या वर गेलेले मृत्यू शेकडा दोनच्या आसपास आले. पण मोठमोठ्या डॉक्टरांना राग आला, आमचे हात घाणेरडे म्हणता काय! त्याचे ऐकले गेले नाही आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. खरे बोलणाऱ्या कनिष्ठाचे वरिष्ठांनी ऐकले नाही, ही गोष्ट आपल्या खात्यांत काम करणाऱ्या माणसाला निराळी समजावून सांगायला नको.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २००४ ते २००६ या काळात आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ९७ वर आला. त्याच काळात महाराष्ट्राचा आकडा ३३ आणि कर्नाटकाचा ६९ होता. नवजात बाळांचा धनुर्वात, ज्याने खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या बाळे गेली, तो मातेला दिलेल्या लसीमुळे आणि नाळ स्वच्छ पात्याने कापल्यामुळे इतका कमी झाला, की २०१५ साली भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे हे होऊ शकते. मग जे अजून राहिले आहे, ते कोणाचे राहिले आहे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

लघवीचा प्रश्न

आता ज्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही, त्याबद्दल बोलतो. भगिनींनी संकोच करू नये आणि बंधूंनी हसू नये.

गरोदरपणात शरीरातल्या मूत्रवाहिन्या सैलावतात. वाढणाऱ्या गर्भाशयाचा दाब पडतो. लघवी पूर्णपणे बाहेर पडत नाही, थोडी साचून राहते, आणि साचलेल्या ठिकाणी जंतू वाढतात. शंभर गरोदर स्त्रियांपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना काहीच त्रास जाणवत नाही. जळजळ नाही, ताप नाही. तपासणी झाली नाही तर कळणारही नाही. उपचार झाले नाहीत तर यांतल्या सुमारे चौघींपैकी एकीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत जातो. मग थंडी वाजून ताप येतो, कमरेत कळा येतात, उलट्या होतात. बाईच्या जिवाला धोका होतो आणि दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याची भीती निर्माण होते. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेले, अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ म्हणजे पहिल्या दिवसापासून झुंज. हे सारे टाळण्यासाठी लागते काय? लघवीची तपासणी, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स, बहुधा सात दिवसांचा.

आता आमच्या ट्रॅक मेंटेनर भगिनीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी हजेरी, खांद्यावर अवजारे, मग सेक्शनवर चाल. दोन्ही बाजूंना उघडे माळरान, गँगमध्ये सोबत दहा पुरुष. ती बाई काय करते? ती घरून निघताना पाणी पीत नाही. दिवसभर पाणी पीत नाही. लघवी दाबून धरते. आमच्या पाहण्यातल्या एका भगिनीने सातव्या महिन्यापर्यंत असेच काढले. एके दिवशी ताप भरला, तर उन्हामुळे झाले असेल म्हणून घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात नेईपर्यंत कळा सुरू झाल्या होत्या. बाई वाचली. बाळ वाचले नाही. रजेच्या अर्जावर कारण लिहिले होते 'आजारपण'. त्या एका शब्दामागे शौचालय नसलेला सेक्शन होता, हे कोणत्याही रजिस्टरात आले नाही.

टपाल खात्यातील भगिनींची गोष्ट वेगळी नाही. गावोगावची शाखा टपाल कार्यालये पुष्कळदा भाड्याच्या एका खोलीत चालतात. डाक वाटत फिरणारी ग्रामीण डाक सेविका कोणाच्या दारात जाऊन विचारणार? गाडीवर काम करणाऱ्या सहायक लोको पायलट भगिनींना विचारा. सर्व इंजिनांत अजून शौचालय नाही. म्हणून आम्ही म्हणतो, शौचालय ही सवलत नव्हे, ते औषध आहे. लघवीची तपासणी दवाखान्यात होईल, पण तिचा संसर्ग होऊ नये याची तजवीज खात्यालाच केली पाहिजे.

बेंगळुरातून निघालेली एक मोहीम

दुसरी गोष्ट या शहराच्या अभिमानाची आहे. रुबेला, ज्याला पूर्वी जर्मन गोवर म्हणत, हा तसा किरकोळ आजार. मुलाला दोन दिवस ताप, अंगावर पुरळ, आणि बरे. परंतु तोच आजार गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर बहुतेक वेळा पोटातल्या बाळाला त्याची बाधा होते. गर्भपात होतो, किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष घेऊन जन्माला येते. हे प्रथम १९४१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आले. मोतीबिंदू घेऊन जन्मलेली ७८ बाळे त्यांनी अभ्यासली. त्यांतल्या बहुतेकींच्या आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर सुमारे २०,००० बाळे अशी बाधित जन्मली. त्यानंतर लस आली.

भारतात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम ५ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाली, आणि ती सुरू झाली याच बेंगळुरातून. पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी, गोवा आणि लक्षद्वीप होते. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींना शाळाशाळांतून फुकट लस देण्यात आली. महाराष्ट्रात ही मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात पोहोचली. लस तयार होते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. त्या वेळी मोबाइलवर नाना अफवा पसरल्या. या लसीने मुले होत नाहीत, असेही पसरवले गेले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पुढे होणारे मूल धडधाकट व्हावे म्हणून ही लस.

काही बंधू विचारतात, मुलींना दिली ते ठीक, मुलांना कशासाठी? उत्तर सोपे आहे. घरात रोग आणतो तो मुलगाही असतो. गरोदर आईला लागण होते ती शाळेतून आलेल्या थोरल्याकडून. ही लस आता नेहमीच्या लसीकरणात आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. बदलीमुळे ज्यांच्या मुलांचे डोस चुकले असतील, त्यांनी दवाखान्यात कार्ड दाखवून विचारावे. मात्र एक ध्यानात ठेवा, ही लस गरोदरपणात घ्यायची नसते. आधी घ्यायची, आणि घेतल्यावर किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत.

डास, आणि आपली क्वार्टर्स

डासांचे थोडक्यात सांगतो. हिवताप गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त जोराने धरतो. रक्त कमी होते, वारेत परोपजीवी साचतात, बाळ अशक्त जन्मते. ब्राझीलमध्ये २०१५ साली झिकाची साथ आली आणि लहान डोक्याची बाळे जन्माला येऊ लागली, तेव्हा जग हादरले. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला. २०२४ साली एकट्या पुणे शहरात शंभरच्या आसपास रुग्ण निघाले, आणि त्यांत गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या. त्याच वर्षी बेंगळुरूजवळ जिगणी भागातही रुग्ण सापडले. हा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. कुलरचे भांडे, छतावरची उघडी टाकी, यार्डात पडलेले टायर आणि पिंपे ही त्याची घरे. झिका पुरुषाकडून शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून बायको गरोदर असताना साथीच्या भागातून आलेल्या नवऱ्याने निरोध वापरला पाहिजे. क्वार्टर कमिटीने आठवड्यातून एक दिवस टाक्या कोरड्या करण्याचा ठरवावा. त्याला ना फाइल लागते, ना मंजुरी.

बंधूंना चार शब्द

आता हा भाग केवळ पुरुषांसाठी. आपली नोकरी घरापासून दूर ठेवणारी आहे. रनिंग रूम, रेस्ट हाउस, आर.एम.एस. च्या रात्री, महिनोन् महिने कुटुंब गावी. कोण कोठे जातो, याची चौकशी करणारे आम्ही नव्हे. पण गुप्तरोग, एच.आय.व्ही. आणि ब प्रकारची कावीळ या तिन्ही गोष्टी नवऱ्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून पोटातल्या बाळाकडे जातात. ज्या बाईने उंबरठा ओलांडला नाही, तिच्या रक्ताच्या चाचणीत दोष निघतो आणि सासू तिलाच बोल लावते. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या घरात होऊ देता कामा नये.

या तिन्हींवर आज मार्ग आहेत. उपदंशाला पेनिसिलीन आहे. एच.आय.व्ही. असलेल्या मातेला उपचार नसतील तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. उपचार नीट घेतले तर ते प्रमाण पाचाच्या खाली येते. ब कावीळ असलेल्या मातेच्या बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस द्यावी लागते. पण हे सर्व तेव्हाच, जेव्हा पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवून रक्त तपासले जाते. तेव्हा बायकोबरोबर तुम्हीही जा. तिचे रक्त काढताना आपलाही हात पुढे करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून ही योजना चालू आहे. त्या दिवशी एक रजा टाकली तर जग बुडत नाही.

गडचिरोलीने काय दाखवले

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाळ जन्मल्यानंतरचे अठ्ठावीस दिवस. पुष्कळ बाळे या दिवसांत रक्तातल्या जंतुसंसर्गाने जातात, आणि तो इतका गुपचूप येतो की आईला वाटते बाळ शांत झोपले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य गडचिरोलीत काम करते. राणीताईंनी १९८९ साली दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा अंगावरचा संसर्ग होता, आणि त्याआधी फक्त आठ जणींची कधी तपासणी झाली होती. म्हणजे बायका दुखणे अंगावर काढत होत्या, आणि कोणी विचारतच नव्हते. त्यानंतर त्यांनी ३९ गावांत गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना शिकवले. बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचे, ऊब द्यायची, संसर्गाची लक्षणे ओळखायची आणि दवाखान्यात नेणे शक्य नसेल तर घरीच औषध आणि इंजेक्शन द्यायचे. त्या वेळी मोठ्या तज्ज्ञांनी शंका घेतली, की सातवी-आठवी शिकलेली बाई नवजात बाळाला सुई टोचणार काय? १९९९ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात निकाल छापून आला. दर हजारी ६२ नवजात बाळे जात होती, ती तिसऱ्या वर्षी २५ वर आली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतली शंभरातली सुमारे सतरा पूर्वी दगावत, ती तीनच्या खाली आली. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासतात, त्याचे मूळ या कामात आहे.

कामगार चळवळीला यात मोठा अर्थ आहे. कमी शिकलेल्या माणसाच्या हातात नीट ज्ञान दिले, तर ते हात जीव वाचवतात. म्हणून ही लक्षणे आज सर्वांनी पाठ करून घरी जावे. बाळाचे रडणे क्षीण झाले किंवा बंद झाले. दूध ओढायचे सोडले. हातपाय लुळे पडले. अंग गार लागले किंवा तापले. पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या. नाळेतून पू आला. छातीत खळगा पडू लागला, किंवा मिनिटाला साठ वा त्याहून अधिक श्वास होऊ लागले. यांतले काही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही, अंगारा-धुपारा करायचा नाही, बाळाला छातीशी धरून थेट इस्पितळ गाठायचे. आणि बाळंतिणीला ताप, घाण वासाचा स्राव किंवा पोटात सतत दुखणे असेल तर तिलाही. बाळंतिणीला ताप यायचाच, असे म्हणणाऱ्या थोरल्या बाईंना आदराने बाजूला बसवा. बाळाला पहिल्या तासात अंगावरचे दूध पाजा, नाळेला काही लावू नका, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याने हात धुतल्याशिवाय बाळ उचलू नये, एवढा नियम घरात करा.

हक्क आणि मागण्या

या देशात प्रसूतीच्या हक्काची लढाई आपल्या मुंबई प्रांतातून सुरू झाली. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत ठेवली आहे. केंद्र सरकारी नोकरीत आपल्या भगिनींना सप्टेंबर २००८ पासून १८० दिवसांची रजा मिळते, पुरुषांना १५ दिवसांची. ही पंधरा दिवसांची रजा मित्रमंडळींत घालवण्यासाठी नाही, बाळाचा श्वास मोजण्यासाठी आहे, हे जाता जाता सांगतो.

पण रजा सुरू होते बाळंतपणाच्या वेळी, आणि संसर्ग लागतो त्याआधी. म्हणून आमच्या मागण्या अशा. पहिली, प्रत्येक गँग हट, गेट आणि टपाल वाटप कार्यालयात स्त्रियांसाठी पाण्यासह, कडी लागणारे शौचालय. दुसरी, दिवस गेल्याचे कळवल्यापासून सेक्शनवरची चाल, रात्रपाळी आणि ओझे बंद, बसून करायचे काम द्यावे, आणि त्यासाठी पगारात वा हजेरीत कपात नको. तिसरी, रेल्वेच्या दवाखान्यांत पहिल्याच भेटीत लघवीची कल्चर तपासणी आणि पतीसह रक्ततपासणी. चौथी, स्टेशन सफाई व पार्सलच्या कंत्राटी भगिनींना हेच सर्व मिळावे. घाणीत हात घालून स्टेशन स्वच्छ ठेवणारी बाई संसर्गाच्या सर्वांत जवळ असते आणि हक्कापासून सर्वांत दूर.

हे झाले खात्याकडे मागायचे. संघटनेने स्वतः करायचे तेही ठरवू. प्रत्येक शाखेने दोन आरोग्य-साथी नेमावेत, त्यांतली एक भगिनी असावी. आपल्या लाइनीतली कोण गरोदर आहे, नाव नोंदवले का, तपासणी झाली का, एवढे त्यांनी विचारावे. धोक्याच्या लक्षणांचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये छापून दर क्वार्टरच्या दारामागे चिकटवावा. आपण या शहरात मराठी बोलतो, पण रात्री दोन वाजता मदतीला धावणारा शेजारी कन्नड असतो, हे विसरू नका. आणि सेक्शनवर शौचालय नाही, याची लेखी तक्रार दर महिन्याला करावी. उत्तर आले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा करावी, आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवावी. पुढच्या वाटाघाटींच्या बैठकीत आम्ही तो गठ्ठा टेबलावर ठेवणार आहोत. त्यासाठी पहिले पत्र येत्या सोमवारपर्यंत आले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!